दोन पानी मी

बावीस वर्षं मी भोसरीच्या एमआयडीसीत एकाच कंपनीच्या स्टोअरमध्ये बसलो. 'बसलो' हा शब्द बायकोचा. स्टोअरवाला बसत नाही, तो दिवसभर शिडीवर तरी असतो नाहीतर ऑडिटरसमोर उभा तरी. पण ते असो. गेल्या वर्षी कंपनीने स्टोअरचं सगळं काम चाकणच्या एका एजन्सीला देऊन टाकलं आणि मला हिशेब, शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. त्या घड्याळांची इनवर्ड एंट्री मीच केली होती. बारा नग आले होते. म्हणजे आणखी अकरा जण जाणार, हे एचआरच्या लोकांना कळायच्या आधी मला कळलं होतं.

घड्याळ टांगायला खिळा ठोकत असतानाच हिंजवडीच्या भाच्याचा फोन आला. तो कुठल्याशा आयटी कंपनीत माणसं घेण्याचं काम करतो. म्हणाला, "मामा, तुझा रेझ्युमे पाठव." मी कपाटातून बायोडेटा काढला, त्याचा फोटो मारला आणि पाठवला.

हा बायोडेटा 2002 सालचा. बसस्टँडजवळच्या झेरॉक्स-डीटीपीवाल्याकडे वीस रुपये पानाने टाइप केलेला. वर मधोमध ठळक अक्षरांत 'बायोडेटा', त्याखाली दुहेरी रेघ. तो डीटीपीवाला नवी फाइल कधी उघडायचाच नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल काढायची, नाव-गाव बदलायचं, प्रिंट मारायची. माझ्या आधीचा मुलगा अक्कलकोटचा होता. त्यामुळे माझ्या 'अवगत भाषां'मध्ये मराठी, हिंदी, इंग्रजीच्या पाठोपाठ कन्नडही आली. हे माझ्या लक्षात आलं ते दहा कॉप्या काढून झाल्यावर, इंटरव्ह्यूच्या दाराबाहेर बसलेलो असताना. आत खुर्चीत होते धारवाडचे परचेस मॅनेजर. चौथी भाषा वाचून त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला घाम फुटला. त्यांनी कन्नडमध्ये एक लांबलचक प्रश्न विचारला. मला कन्नड येत होतं एका शब्दापुरतं. मी तो शब्द टाकला, "गोत्तिल्ला." माहीत नाही. साहेब टेबलावर हात आपटून हसले आणि मला नोकरी लागली. पुढची सहा वर्षं, त्यांची बदली होईपर्यंत, ते रोज सकाळी मला कन्नडमध्ये काहीतरी विचारायचे आणि मी तेच उत्तर द्यायचो.

भाच्याला या इतिहासाचं काही नव्हतं. त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, हे नोकरीसाठी आहे की लग्नासाठी?"

त्याचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे दोन्ही बायोडेटे एकाच साच्यातून निघतात. एकात नाडी आणि गण असतात, दुसऱ्यात एमएस-सीआयटी आणि टायपिंग, बाकी मजकूर तोच. त्याने एकेक ओळ खोडायला सांगितली. वडिलांचं नाव काढ. जन्मतारीख काढ. विवाहित-अविवाहित काढ. जात-धर्म तर आधी काढ. कायमचा पत्ता नको, नुसतं शहर पुरे. फोटो नको. छंद नकोत. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे', स्थळ, दिनांक, सही, तेही नको. खोडून झाल्यावर कागदावर माझं नाव, मोबाइल नंबर आणि पुणे एवढंच उरलं. एवढ्यावर तर कुरियरसुद्धा घरी पोचत नाही.

"आता तू काय काय केलंस ते लिही," तो म्हणाला.

मी लिहिलं: 'स्टोअर सांभाळणे.'

"असं नाही मामा. प्रत्येक ओळ दणदणीत क्रियापदाने सुरू झाली पाहिजे. लेड. ड्रोव्ह. स्पिअरहेडेड."

मी डिक्शनरी काढली. स्पिअरहेड म्हणजे भाल्याचं टोक. बावीस वर्षांत भाला हा आमचा स्टॉक आयटम कधीच नव्हता.

खरी अडचण क्रियापदाची नव्हती, कर्त्याची होती. 'मी केलं' असं म्हणायची आमच्या घरात पद्धतच नाही. काम 'होतं', अडचण 'निघते', साहेबांच्या कृपेने ऑडिट 'पार पडतं'. माझ्या हातून कप पडला तरी मी 'कप फुटला' म्हणतो. श्रेय असो की दोष, मराठी माणसाकडे दोन्ही आपोआप घडतात. त्यात लहानपणी आजोबांनी समर्थांची मूर्खलक्षणं पाठ करून घेतलेली. आपली स्तुती आपणच करतो तो मूर्ख, स्वदेशात विपत्ती भोगतो तो मूर्ख, वडिलांची कीर्ती सांगतो तो मूर्ख. तिन्ही लक्षणं एकाच ओवीत. समर्थांनी सतराव्या शतकात माझा बायोडेटा वाचला होता की काय, असं वाटायला लागलं. वडिलांचं नाव भाच्याने खोडून घेतलं म्हणून त्यातलं एक तरी कमी झालं.

"बरं, आकडे दे," भाचा म्हणाला. "किती टक्के वाचवलेस?"

"काय वाचवलं?"

"काहीही. पैसे, वेळ, जागा. रेझ्युमे वाचणारा पहिल्या नजरेत आकडा शोधतो."

आता याला कसं सांगायचं, की स्टोअरवाल्याचं कर्तृत्व म्हणजे काहीही न घडणं. बेअरिंग संपलं नाही. लाइन थांबली नाही. रात्री दोन वाजता मेंटेनन्सवाला धावत आला नाही. धावत आलाच, तर रॅक नंबर सात, वरून तिसरा खण, बिन कार्डावर शिल्लक चार, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. 6204 आणि 6205 नंबरची बेअरिंगं मी डोळे मिटून हातात घेऊन ओळखतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिळतं, वीस मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर. बोट घालून बघायचं. 6205मध्ये माझी करंगळी खुळखुळते. हे सांगितल्यावर भाच्याने टाइप केलं: 'अटेन्शन टू डिटेल.'

करंगळी गेली ती गेलीच.

मग बोलता बोलता मी रॅक नंबर चौदाची गोष्ट काढली. एक जुनं मशीन 2008 साली भंगारात गेलं, पण त्याचे गिअर आणि पट्टे स्टोअरमध्येच राहिले. दर 31 मार्चला स्टॉक टेकिंग व्हायचं, दर वेळी आम्ही ते गिअर मोजायचो आणि आहेत तेवढेच आहेत म्हणून खूश व्हायचो. गिअर ज्या मशीनचे, ते मशीनच नाही, हे आठ वर्षं कोणी बोललं नाही. शेवटी 2016 साली मी एक नोट टाकली. तीन सह्या झाल्या, भंगारवाला आला, रॅक मोकळा झाला. पुस्तकात त्या मालाची किंमत चार लाख वीस हजार होती आणि एकूण स्टॉक साठ लाखांचा.

भाचा खुर्चीतून उठलाच. "मामा! सात टक्के! नॉन-मूव्हिंग माल काढून इन्व्हेंटरी सात टक्क्यांनी घटवली! इतकी वर्षं लपवून का ठेवलंस?"

लपवलं कुठे होतं? विचारलं कोणी नव्हतं. पण खरं सांगतो, ती ओळ कागदावर उमटली तेव्हा मी ती तीनदा वाचली. मग बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ते भंगार विकलंत तेच ना? त्या दिवशी शर्टाला ग्रीस लावून आला होतात."

भाच्याने मग मला लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण दिलं. सन 1482च्या सुमारास लिओनार्दोने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी नोकरीच्या अर्जाचा मसुदा केला. त्यात मुद्द्यामागून मुद्दा युद्धाचा. हलके पूल बांधून देईन, तोफा करीन, झाकलेले रथ करीन. चित्रं काढता येतात, हे अगदी शेवटी. "का? तर समोरच्याला लढाईची गरज होती. गिऱ्हाइकाला काय हवं ते आधी," भाचा म्हणाला. पटलं. फक्त एवढंच लक्षात आलं की पुढे त्याच स्फोर्झाने लिओनार्दोकडून 'द लास्ट सपर' रंगवून घेतलं. म्हणजे जगप्रसिद्ध झालं ते छंदांच्या रकान्यातलं काम. आणि माझे छंद तर भाच्याने पहिल्याच दिवशी खोडले होते. (वाचन, प्रवास, संगीत ऐकणे. हे अक्कलकोटच्या मुलाचे होते की माझे, हे मला आता आठवत नाही.)

मधल्या काळात मुलीने मोबाइलवर एक देखणा नमुना शोधला. डावीकडे निळा पट्टा, गोलात फोटो, आणि कौशल्यांपुढे भरलेल्या पट्ट्या. एक्सेल ऐंशी टक्के. मराठीला पाचपैकी चार तारे. बायकोने विचारलं, "पाचवा कोणी घेतला?" भाच्याने तो नमुना बघून डोक्याला हात लावला. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणूस नाही, सॉफ्टवेअर वाचतं म्हणे. त्याला दोन रकाने, चौकटी, चित्रं दिसली की ते गोंधळतं आणि डावीकडचं उजवीकडे वाचत सुटतं. साधा एकेरी मजकूर हवा. आणि जाहिरातीत जो शब्द असेल तोच आपल्या कागदावर हवा. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी कंट्रोल' असेल आणि तुम्ही 'स्टोअर' लिहिलं, तर तुम्ही बावीस वर्षं काय केलं ते त्याला कळेलच असं नाही.

त्यामुळे प्रत्येक जाहिरातीला वेगळा मी. एकीकडे 'वेअरहाउस एक्झिक्युटिव्ह', दुसरीकडे 'मटेरियल्स प्रोफेशनल', तिसरीकडे 'सप्लाय चेन'चं काहीतरी. फाइलींची नावं: रेझ्युमे_फायनल, रेझ्युमे_फायनल2, मामा_फायनल, मामा_खरंच_फायनल. मोजून अकरा झाल्या. एकाच वस्तूला अकरा आयटम कोड! आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही. एका नटाला दोन कोड दिले म्हणून मी एका ट्रेनीला रडवलं होतं. त्याचा शाप असणार.

पहिला अर्ज मी स्वतःच्या हाताने भरला. वेबसाइट म्हणाली, रेझ्युमे जोडा. जोडला. मग म्हणाली, आता शिक्षण भरा, अनुभव भरा, मागच्या कंपनीचा पत्ता भरा. अहो, ते सगळं त्यातच आहे की! ज्या कागदासाठी तीन आठवडे घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही, तो नुसता टाचून ठेवायला मागितला होता. 'आडनाव' या चौकटीत तिने आपणहून 'सात टक्के' भरून ठेवलं होतं. ते मी खोडलं. थोडं जड गेलं.

भाषांच्या चौकटीत मराठी, हिंदी, इंग्रजीवर खूण केली. खाली कन्नड होतं. बोट जरा थांबलं, पण पुढे गेलो.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी, मी दळण आणायला निघालो असताना, फोन वाजला. अनोळखी नंबर, मुलीचा आवाज, फर्डं इंग्रजी. मी एका हातात डबा सावरत "नको, नको, नकोय आम्हाला" म्हणालो आणि फोन कापला.

"कोण होतं?" बायकोने आतून विचारलं.

"लोनवाली."

"काय म्हणत होती?"

"काय म्हणणार? तुमचं प्रोफाइल आम्हाला आवडलं म्हणे."

आतून कुकरची शिट्टी झाली. मग बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता माझ्या हातातला डबा काढून घेऊन तिथे फोन ठेवला.