वणवा विझवायला कोण जातं?

मे महिन्यात चंद्रपूरला गेलो होतो, तेव्हा एक जुना वर्गमित्र भेटायला आला. वनशास्त्र आम्ही एकत्र शिकलो. तो वन खात्यात लागला आणि रेंजर म्हणून निवृत्त झाला. मी संशोधनाकडे वळलो आणि गेली अठरा वर्षं इंडोनेशियात, बोगोरला आहे. उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा कारभार कोण चालवतं आणि त्यावर कुणाचं पोट भरतं, हा माझा अभ्यासाचा विषय. जेवणं झाली, अंगणात खाटा टाकल्या आणि तो म्हणाला, "अरे, तुम्ही तिकडे बसून लेख लिहिता. इथं पट्टे वाटून वाटून जंगलाची पार वाट लागली." माझी मावसबहीण गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करते. तिनं लगेच उत्तर दिलं, "दादा, उलट आहे. हक्क मिळाले की लोक जंगल वाचवतातच."

हा वाद मी दर सुट्टीत ऐकतो. माणसं बदलतात, वाक्यं तीच राहतात. जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीचे पट्टे आणि गावाचा जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६चा, म्हणजे त्याला आता वीस वर्षं होत आली, आणि आपण अजून जंगल लोकांचं की सरकारचं इथंच आहोत. त्या रात्री मी दोघांना एवढंच विचारलं, की वणवा लागला तर विझवायला कोण जातं? मित्र थोडा थांबला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "माझ्या रेंजमध्ये? दोन-तीन गावं यायची. बाकीची बघत बसायची."

हा प्रश्न मी शिकलो तो पालंगकारायामध्ये. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागातलं हे शहर. ऑक्टोबर २०१५मध्ये मी कामासाठी तिथं होतो. सकाळचे दहा वाजले होते, पण आभाळ हळदीसारखं पिवळं आणि समोरच्या रस्त्यापलीकडचं दुकान दिसत नव्हतं. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. जळत होती ती बरीचशी पीटची, म्हणजे कुजलेल्या पाल्याच्या जाड थरांची, जमीन. अशी जमीन ओली असते तोवर पेटत नाही. लागवडीसाठी कालवे खणून तिचं पाणी काढलं, की ती आतून धुमसते. वरून पाणी मारलं तरी दोन दिवसांनी दहा पावलांवर पुन्हा धूर निघतो. एका गावात मी विचारलं, कालव्यापलीकडची आग कुणी विझवत का नाही? एक म्हातारा म्हणाला, ती जमीन आमची होती, मग सरकारची झाली, मग कंपनीची. आता कुणाची, ते आम्हाला माहीत नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच देशात, सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्रुई नावाचा भाग आहे. तिथले लोक दामार नावाच्या झाडाचा डिंक काढतात. हा डिंक रंग-वार्निशात जातो, धुपासाठीही वापरतात. वेताचा पट्टा कमरेभोवती आणि खोडाभोवती टाकून माणूस चढतो. खोडात तिकोनी खाचा पाडलेल्या असतात, त्यांतच पाय रोवायचा आणि त्यांतूनच पाझरून घट्ट झालेला डिंक छोट्या कुऱ्हाडीनं खरवडून पाठीवरच्या टोपलीत टाकायचा. उन्हात तो काचेसारखा चमकतो. मी ज्याच्याबरोबर हिंडलो त्या शेतकऱ्याची झाडं त्याच्या आजोबांनी लावलेली होती. आधी भात, मग कॉफी, कॉफीच्या सावलीत दामारची रोपं. झाड डिंक द्यायला लागायला वीसेक वर्षं जातात. म्हणजे लावणारा बहुतेक मुलांसाठीच लावतो. या बागा इतक्या दाट आणि मिश्र, की आकाशातून काढलेल्या चित्रात त्या नैसर्गिक जंगलच वाटतात. सरकारी नकाशावर त्यांचा मोठा भाग सरकारी जंगल होता. माणसानं हातानं लावलेलं जंगल, आणि कागदावर तोच घुसखोर. १९९८ मध्ये तिथल्या वनमंत्र्यांनी सुमारे २९,००० हेक्टरांना वेगळा दर्जा दिला, तेव्हा कुठे त्या लोकांना थोडा श्वास घेता आला. तिथं आग लागली तर कोण धावतं, हे मला विचारावं लागलं नाही.

आपल्याकडचा आणि तिथला गुंता एकाच काळात वळला गेला. जिथं मालकी सिद्ध होत नाही ती जमीन सरकारची, असं डचांनी जावात १८७० मध्ये जाहीर केलं. इंग्रजांनी भारतात १८७८ चा वन कायदा आणला. दोघांनाही सागवान हवं होतं. दोघेही गेले, पण त्यांचे नकाशे राहिले. आज इंडोनेशियात सुमारे १२ कोटी हेक्टर, म्हणजे निम्म्याहून जास्त देश, कागदावर वनक्षेत्र आहे. त्यात गावं आहेत, मशिदी आहेत, भातखाचरं आहेत.

मे २०१३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं एक मोठा निकाल दिला. वन कायद्यात लिहिलं होतं की परंपरेनं चालत आलेलं समाजाचं जंगल, ज्याला ते 'हुतान आदात' म्हणतात, ते सरकारी जंगल आहे. न्यायालयानं त्या वाक्यातला 'सरकारी' हा शब्द काढून टाकला. त्या दिवशी कचेरीत माझे इंडोनेशियन सहकारी रडले होते. पण पहिल्या नऊ समाजांच्या हातात कागद पडायला ३० डिसेंबर २०१६ उजाडला, आणि ती सगळी मिळून जमीन १३,००० हेक्टरांच्या आसपास. सरकारी वनक्षेत्रातल्या अशा जंगलासाठी आधी जिल्ह्यानं त्या समाजाला मान्यता देणारा स्थानिक कायदा करावा लागतो, मग बाकीचं. आजही हुतान आदातचा आकडा काही लाख हेक्टरांतच आहे. सामाजिक वनीकरणाच्या नावानं १ कोटी २७ लाख हेक्टर गावांना देण्याचं उद्दिष्ट सरकारनं ठेवलं आणि त्यात बरंच कामही झालं, पण तो ३५ वर्षांचा परवाना आहे. दामार लावणाऱ्या माणसाला ३५ वर्षं म्हणजे एका झाडाचं तारुण्य.

आता आपला कायदा त्याच्याशेजारी ठेवा. सामूहिक वनहक्काला मुदत नाही. तो देताना सरकार उपकार करत नाही, आधीपासून असलेला हक्क मान्य करतं. राखण्याचा, सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेचा, म्हणजे गावातल्या प्रत्येक प्रौढ बाई-माणसाचा. मी परदेशात व्याख्यानं देतो तेव्हा हे सांगितल्यावर लोक पुन्हा विचारतात, नीट ऐकलं ना आम्ही? आणि मायदेशी याच कायद्याला सरसकट 'अतिक्रमणाचा कायदा' म्हटलं जातं. १३ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं वनहक्काचे दावे फेटाळलेल्या लोकांना जंगलातून काढायला सांगितलं आणि २८ तारखेला त्याच आदेशाला स्थगिती दिली, ते पंधरा दिवस मला आठवतात. दावा फेटाळला म्हणजे माणूस खोटा, असं धरून घरोघरी चर्चा चालली होती. फेटाळणी कशी होते, नकाशा जोडला नाही म्हणून, वयस्क साक्षीदार आजारी होता म्हणून, हे कुणी विचारत नव्हतं.

मित्राचा मुद्दा मात्र मी झटकून टाकत नाही. वैयक्तिक पट्ट्याच्या आशेनं १३ डिसेंबर २००५ या कायद्यानं वहिवाटीसाठी ठरवलेल्या तारखेनंतर झाडं तोडून शेत काढल्याची उदाहरणं त्यानं डोळ्यांनी पाहिली आहेत. बहिणीचं 'वाचवतातच' हेही पुरतं खरं नाही. सुमात्रात मी असे समाज पाहिले, ज्यांनी हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडून शेवटी जमीन पामतेलाच्या बागेला दिली, कारण दुसरं काही विकता येत नव्हतं. हक्क आहे आणि उत्पन्न नाही, तर तो कागद पेटीत राहतो.

म्हणून मला या सगळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती घोषणेची नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे सगळ्यांना पाठ आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडला तरी गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना खात्याकडे. तेव्हा १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड होता, वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज, म्हणजे गावानं गोळा करून विकायची वस्तू. गावाचा हक्क त्या दोन व्याख्यांच्या मध्ये अडकला होता. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. माझ्या मते खरा हक्क त्या दिवशी मिळाला. ट्रक नाक्यावरून गावाच्या सहीनं सुटतो, तेव्हा जंगल गावाचं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं पुढचं पाऊल टाकलं. बांबूतून उत्पन्न यायला लागल्यावर ग्रामसभेनं तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडणं बंद केलं. पानं चांगली फुटावीत म्हणून जंगल पेटवतात, फांद्या छाटतात, ते आम्हाला नको, असं ठरवलं. हातात येणारा पैसा सोडून द्यायला लोक तयार झाले, कारण दुसरीकडून पैसा येत होता आणि निर्णय त्यांचा होता. लोकांना दंड लावून हे कुठल्याही वन खात्याला जमलेलं नाही.

तेंदू मात्र सगळ्यांना सोडता येत नाही. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, ७०-७० पानांचे पुडे उन्हात ओळीनं मांडलेले असतात. पहाटे तीनला उठून बाया जंगलात जातात, दुपारी पुडे बांधतात. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, हे मोठंच काम झालं. पण ठेकेदार अर्धी रक्कम बुडवून गेला तर ग्रामसभेच्या मागे कोण उभं असतं? वसुलीचा दावा कुठे लावायचा, पॅन कार्ड कुणाच्या नावानं, जीएसटीचं विवरण कोण भरणार? २०१७ मध्ये तेंदूच्या पानावर १८ टक्के कर लागला, तेव्हा गावातला बारावी झालेला पोरगा रजिस्टर घेऊन तालुक्याला हेलपाटे घालत होता. मी त्याच्याबरोबर एक दिवस बसलो आहे. त्याचे हिशेब पैशापैशाला जुळत होते. त्याच्या पाठीशी उभी राहणारी यंत्रणा नव्हती.

आणि दुसरीकडे खाणींसाठी जंगल वळवायचं असलं की २०२२ च्या नियमांनी ग्रामसभेचे हक्क तपासण्याची पायरी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांवर ढकलली. मंजुरी आधी, विचारणं नंतर. इंडोनेशियात कंपनीची फाइल आणि गावाची फाइल यांच्या वेगातला फरक मी इतकी वर्षं पाहतो आहे. आपण त्याच वाटेनं जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

यात आम्हा संशोधकांचीही जबाबदारी आहे. २४ देशांतल्या जवळपास ८,००० कुटुंबांच्या एका मोठ्या पाहणीत घराच्या उत्पन्नाचा चौथ्याहून जास्त हिस्सा, २८ टक्के, जंगल आणि आसपासच्या निसर्गातून येतो असं दिसलं. दर तीन महिन्यांनी घरी जाऊन विचारलं, म्हणून ते दिसलं. वर्षातून एकदा विचारलं तर मोहफुलं, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), सरपण कुणाच्या लक्षातच राहत नाही. हे आकडे जगभरच्या परिषदांत फिरले. ज्यांना आम्ही विचारलं, त्यांच्या भाषेत किती परत गेले?

निघायच्या आदल्या दिवशी बहिणीनं एका ग्रामसभेचा निरोप दिला. त्यांना दरवर्षी किती बांबू तोडावा हे ठरवायचं आहे, बेटातल्या काठ्या वयानुसार कशा मोजायच्या ते हवं आहे. त्याची पद्धत मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिली आहे, इंग्रजीत आणि इंडोनेशियनमध्ये. सध्या रोज संध्याकाळी तासभर ती मराठीत लिहितो आहे. मित्राला फोन करून सांगितलं, की या दिवाळीनंतर माझ्याबरोबर त्या गावात चल, मोजणी तुला माझ्याहून चांगली येते. तो म्हणाला, "ग्रामसभा मला बोलावेल का?" मी म्हटलं, त्यांनाच विचारू.