दप्तर सापडत नाही

आमच्या करसल्लागार कार्यालयात अकरा संगणक, एक प्रिंटर आणि सगळ्यांच्या फायली पोटात घेऊन बसलेला एक सर्व्हर आहे. गेली सहा वर्षे या सर्व्हरला १९२.१६८.१.१२ या आकडी पत्त्याखेरीज दुसरी ओळख नव्हती. प्रत्येकाच्या मॉनिटरच्या कडेला तो पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला असे. हेडक्लार्क काकांनी तर तो खिशातल्या डायरीत, विम्याच्या पॉलिसी क्रमांकाखाली, लाल शाईने नोंदवला होता. जुलैमध्ये, विवरणपत्रांच्या ऐन हंगामात, एका दुपारी वीज गेली, परत आली आणि राउटरने जागे होताच सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले. या वाटपात बारा क्रमांक साहेबांच्या मोबाइलच्या वाट्याला आला, आणि त्यानंतर अर्धा तास अख्खे कार्यालय साहेबांच्या फोनमध्ये ताळेबंद शोधत होते.

पूर्वी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता, त्यामुळे संगणकतज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झालेलीच होती. सर्व्हरचा जुना पत्ता राउटरमध्ये त्याच्यासाठी कायमचा राखून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम होते आणि ते मी केलेही. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. परंतु माणसांनी आकडे का म्हणून पाठ करावेत, असा उदात्त प्रश्न मला पडला आणि मी सर्व्हरचे ‘दप्तर’ असे बारसे करून टाकले.

बारसे सोपे असते. ते नाव गावाला कळवणे अवघड. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी फाइल असते, तीत पत्ता आणि नाव एका ओळीत लिहिले की तो संगणक बाहेर कोणालाही न विचारता ते खरे मानतो. मात्र ही फाइल माजघरातल्या माजघरात ठेवलेली असते आणि नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडल्याशिवाय तिला हात लावता येत नाही, हे मला चौथ्या संगणकावर कळले. तोपर्यंत तीन संगणकांवर मी भलत्याच जागी ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ तयार करून ठेवल्या होत्या, आणि विंडोज फाइलीचे शेपूट लपवत असल्यामुळे त्या अगदी अस्सल दिसत होत्या. (इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात त्या जाळ्यावरच्या सगळ्या नावांची यादी नेमक्या याच नावाच्या फाइलीत, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. ती यादी आवरेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएस, म्हणजे नाव विचारले की पत्ता सांगणारी यंत्रणा, आखले. मला तेच ज्ञान प्रिंटरचे नाव घालायचे राहिले म्हणून अकरा खुर्च्यांची दुसरी फेरी सुरू केल्यावर झाले.)

मग अडगळीतल्या एका संगणकावर मी लिनक्स आणि डीएनएसचे काम करणारा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम बसवला. घरातली नावे त्याने स्वतः सांगायची, बाहेरची नावे बाहेरून विचारून आणायची, अशी व्यवस्था. राउटरच्या पानावर ‘पहिला डीएनएस’ म्हणून त्याचा पत्ता घातला. त्याखाली ‘दुसरा डीएनएस’ असा एक रिकामा चौकोन होता. रिकामा रकाना पाहून कारकुनाचा हात शिवशिवतोच. मी तिथे गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता, ८.८.८.८, लिहिला. अडीअडचणीला असावा, एवढाच हेतू.

तिथून पुढचे चार दिवस दप्तर सकाळी सापडे, दुपारी हरवे आणि मी खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो की निमूटपणे उघडे. काकांनी याचा संबंध अमावास्येशी जोडला. खरा प्रकार असा होता, की माझ्या अडगळीतल्या संगणकाला उत्तर द्यायला सेकंदभर उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे जाई. तो दुसरा हा राखीव खेळाडू असतो आणि पहिल्याला येत नाही तेच तो सांगतो, ही माझी समजूत होती. त्याला सगळ्या जगाचे पत्ते ठाऊक, फक्त आमच्या घरातले दप्तर ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. ‘असे नाव अस्तित्वात नाही,’ असे तो अचूक आणि तत्पर उत्तर देई, आणि ‘नाही’ हेही उत्तरच असल्यामुळे विंडोज पुन्हा पहिल्याला विचारत बसत नसे. उलट तो नकार काही काळ ध्यानात ठेवी. ‘आयपीकॉन्फिग’पुढे ‘फ्लशडीएनएस’ लिहून मी तो विसरायला लावत असे. पडद्यावरचा ‘फ्लश’ हा शब्द वाचून काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अजून विसरलेलो नाही.

अखेर मी ८.८.८.८ राउटरमधून पुसून, बाहेरची नावे त्याला विचारायला, डीएनएसमास्कच्या हवाली केला. आता प्रत्येक प्रश्न एकाच दाराने जाऊ लागला. दप्तर दिवसभर सापडले, तेव्हा मी समारंभपूर्वक पिवळ्या चिठ्ठ्या काढून टोपलीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला पोहोचलो तर सगळे हातावर हात ठेवून बसलेले. दप्तर बंद, प्रिंटर बंद, प्राप्तिकराचे संकेतस्थळ बंद. मावशींनी झाडताना कोपऱ्यातल्या त्या एकुलत्या दाराचा प्लग काढून आपला मोबाइल चार्जिंगला लावला होता. काका तेवढे मान खाली घालून सर्व्हरवरचा ताळेबंद भरत होते. टेबलावर त्यांची डायरी उघडी होती.