पाच-घडीचा क्रिस्टल सापडला म्हणून गणित खोटं पडलं नाही

आपल्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर परवापासून एक मेसेज फिरतोय, की क्रिस्टलमध्ये पाच-घडीची सिमेट्री (म्हणजे पूर्ण फेऱ्याच्या पाचव्या हिश्श्याने फिरवलं तरी तसंच दिसणं) असूच शकत नाही हा ग्रुप थिअरीचा, म्हणजे सिमेट्रीच्या गणिताचा, नियम डॅन शेख्टमन या शास्त्रज्ञांनी खोटा पाडला आणि त्यासाठीच त्यांना २०११ चं नोबेल मिळालं. नोबेल खरं आहे, केमिस्ट्रीचं, पण नियम खोटा नाही पडला हो.

नियम असा, की नक्षी सारख्या अंतरावर रिपीट होत असेल तर ती पूर्ण फेऱ्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या हिश्श्याने फिरवली तरच तशीच्या तशी बसते. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात षटकोनी लाद्या आहेत, एका कोपऱ्यात तिघींचे १२० अंश मिळून बरोबर ३६०. काल भाचीबरोबर पुठ्ठ्याचे पंचकोन कापून लावले तर १०८ चे तीन म्हणजे ३२४, आणि मधे ३६ अंशांची फट, बोट ठेवून दाखवली तिला. ही पूर्ण सिद्धता नाही, पण अडतं कुठे ते कळतं.

शेख्टमननी एप्रिल १९८२ मध्ये झटकन थंड केलेल्या अॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूवर इलेक्ट्रॉन सोडून मिळालेल्या चित्रात दहा-दहा ठिपक्यांची वर्तुळं पाहिली, म्हणजे पाच-घडीच्या सिमेट्रीची खूण. तिथे अणू शिस्तीत आहेत पण नक्षी रिपीटच होत नाही, म्हणजे नियमाची अटच लागू नाही! चुकली होती ती समजूत, शिस्त म्हणजे रिपीट होणं ही. म्हणून १९९२ मध्ये क्रिस्टलची व्याख्या बदलली, रिपीट होणाऱ्या क्रिस्टलच्या सिमेट्रीचे २३० प्रकार, म्हणजे स्पेस ग्रुप, मात्र जागच्या जागी आहेत. मेसेज पुढे पाठवला असेल तर हेही पाठवा.