खुनी कळल्यावर उरतं काय? ('जुना वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

'जुना वाचक' यांस,

रहस्यकथांविषयीच्या पुस्तकांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सडेतोड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खुनी कळला की रहस्यकथा संपली. तिच्यावर आणखी पुस्तकं वाचणं म्हणजे जादूगाराच्या पेटीत डोकावून स्वतःचाच विरस करून घेणं. तशीही रहस्यकथेतली पात्रं कागदी असतात. वर ही पुस्तकं शेवट फोडतात, आणि केट समरस्केल या लेखिका तर आपल्या पुस्तकात एका खऱ्या मुलाच्या खुनाची करमणूक करतात. 'आम्ही अर्नाळकर एका रात्रीत वाचून सकाळी वाचनालयात परत करायचो, आमचं काही अडलं नाही,' असा तुम्ही शेवट केलात.

शेवट फोडण्याचं आधी उरकतो, कारण तिथे तुमचा राग रास्त आहे. पिएर बायार या फ्रेंच समीक्षकाचं एक अख्खं पुस्तक अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीतल्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावर आहे. तिच्या प्वारो या गुप्तहेरानं भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवलं, असा त्याचा दावा. ती 1926 ची मूळ कादंबरी वाचायच्या आधी ते हातात घेतलंत तर कपाळमोक्ष ठरलेला. पण सगळेच असे बेफिकीर नसतात. ख्रिस्तीच्या वह्यांवर लिहिणारा जॉन करन पुढे कोणत्या कादंबऱ्यांची उत्तरं उघड होणार याची यादी आधीच देऊन ठेवतो. नको असेल त्यानं पानं उलटावीत.

आणि त्या वह्यांमुळेच तुमचा मुख्य मुद्दा मला पटत नाही. एकूण 73 वह्या. अक्षर गिचमिड, तारखा क्वचित, एकाच कादंबरीची टिपणं चार वह्यांत विखुरलेली, मधूनच घरगुती याद्या. आपली समजूत अशी असते की लेखिकेनं खुनी आधी ठरवला आणि मग तो लपवायला बाकीची माणसं उभी केली. 'क्रुकेड हाउस'ची (1949) टिपणं पाहिली की ही समजूत डळमळते. खुनी कोण असावा याचे वेगवेगळे पर्याय बाई तिथे चाचपून बघताहेत. म्हणजे वाचताना आपल्याला ज्याचा संशय आला, त्याचा बाईंनाही कधीतरी आलेला असतो! हे कळल्यावर माझा तरी विरस झाला नाही, उलट ती कादंबरी मी लगेच पुन्हा काढली.

अ‍ॅक्रॉइडचंही तेच. खुनी माहीत असताना ती सावकाश वाचून बघा. निवेदन खोटं बोलत नाही. जे सांगायला हवं होतं ते तिथेच, तुमच्या डोळ्यांसमोर असतं, आणि पहिल्या वेळी आपण त्यावरून सरळ पुढे गेलेलो असतो. उत्तर जाणून घेण्याचा आनंद एकदाच मिळतो, कबूल. आपल्याला नेमकं कुठे आणि कसं बनवलं ते बघण्याचा आनंद दुसऱ्या वाचनाशिवाय मिळतच नाही.

कॅथरिन हार्कप या रसायनशास्त्रज्ञ लेखिकेनं ख्रिस्तीच्या विषांवर लिहिलंय, तेही याच जातीचं. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात ख्रिस्ती औषधं तयार करायच्या कामावर होती, त्यामुळे तिची विषं पुस्तकी नाहीत. तिच्या 1961 च्या एका कादंबरीत (नाव सांगत नाही, तुम्ही पुन्हा रागवाल) थॅलियमची लक्षणं इतकी चोख आहेत की 1977 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात, कतारहून आणलेल्या तान्ह्या मुलीच्या आजारानं डॉक्टर चक्रावलेले असताना, ती कादंबरी वाचत असलेल्या एका परिचारिकेनं नेमका रोग ओळखला. पोर वाचलं.

'पात्रं कागदी' ही तक्रार जुनीच आहे. रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकारानं ती 1944 मध्ये तुमच्याहून जास्त खवचटपणे केली होती. पुढच्याच वर्षी एडमंड विल्सन या समीक्षकानं 'अ‍ॅक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला?' अशा अर्थाचा लेख लिहिला. त्याच्याच आधीच्या लेखावर चिडून वाचकांनी त्याला डोरोथी सेयर्स ही रहस्यकथा-लेखिका वाचायला सांगितलं होतं. त्यानं वाचली, आणि ती त्याला आणखीच कंटाळवाणी वाटली. वाचकांच्या पत्रांचा तेवढा उपयोग!

समरस्केलबाईंबद्दल मात्र तुम्ही अन्याय करताय. 1860 च्या जून महिन्यात इंग्लंडच्या विल्टशरमधल्या रोड गावच्या केंट कुटुंबातला तीन वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि आवारातल्या शौचकूपात त्याचं प्रेत सापडलं. स्कॉटलंड यार्डचा जॅक व्हिचर आला. एक रात्रीचा झगा गायब आहे, एवढ्या धाग्यावरून त्यानं मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्सला पकडलं. पुरावा टिकला नाही, ती सुटली. साध्या घरातल्या पोलिसानं प्रतिष्ठितांच्या मुलीवर आळ घ्यावा, कपड्यांच्या याद्या तपासाव्यात, याचाच लोकांना जास्त संताप. व्हिचरचं नाव धुळीला मिळालं. 1865 मध्ये कॉन्स्टन्सनं स्वतःहून कबुली दिली. करमणूक म्हणताय ती तेव्हाच झाली होती: घरोघरी लोक आपापले तर्क लढवत होते, पोलिसांना पत्रं पाठवत होते, खुद्द डिकन्सचाही वेगळा (आणि चुकीचा) तर्क होता. 1868 मध्ये विल्की कॉलिन्सच्या 'मूनस्टोन' या रहस्यकादंबरीत डाग पडलेला झगा आला, सार्जंट कफ आला, आणि मूल मात्र गळालं. कादंबरीत नाहीसा झाला तो हिरा. समरस्केलबाईंनी ते मूल परत गोष्टीत आणलंय. बंद घर, मोजके संशयित, बाहेरून आलेला तपासनीस हा जो साचा आपण इतका चवीनं वाचतो, त्याच्या तळाशी ते घर आहे, हे वाचकाला कळलेलं बरं.

राहता राहिले अर्नाळकर. हजारावर पुस्तकं लिहिणारा हा माणूस झुंजारच्या आणि काळ्या पहाडाच्या भानगडी डोक्यात ठेवायचा की कुठे टिपून, आधी शेवट ठरवायचा की लिहिता लिहिता सुचायचा, हे मला वाचायला हवंय. तुमच्यासारख्यांच्या आठवणीही हव्यात: कुठलं वाचनालय, भाडं किती, आणि एका रात्रीत संपवलेल्या त्या पुस्तकांतलं एखादं तुम्ही पुन्हा आणलं होतंत का? सवडीनं लिहा.