ट्रुमनने दोस्ती मोडली म्हणे? मग कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेले पोलिश निर्वासित कुठून आले?

गेल्या दोन आठवड्यांत एक फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय. वर एल्ब नदीकाठी अमेरिकन आणि रशियन सैनिक हात मिळवतायत तो 1945 चा फोटो आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया जिगरी दोस्त होते, क्रिमियातल्या याल्टाला तिघांनी बसून जग वाटून घेतलं, सगळं सुरळीत चाललेलं, मग अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट वारला, त्याच्या जागी ट्रुमन आला, त्याने रशियाला दम द्यायला जपानवर बॉम्ब टाकला, मार्शल प्लॅनमधून, म्हणजे युद्धानंतर युरोप उभा करायच्या अमेरिकन मदतीतून, रशियाला बाहेर ठेवलं आणि एका माणसापायी जगाचे दोन तुकडे झाले. माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिने हे वहीत उतरवून घेतलेलं बघितलं म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल, पण वाचा.

आधी ते जिगरी दोस्त. रशियात क्रांतीनंतर यादवी चालू होती तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेने आर्खांगेल्स्क आणि व्लादिव्होस्तोक या रशियन बंदरांत आपलं सैन्य उतरवलं होतं, आणि मॉस्कोत ते कोणी कधी विसरलं नाही. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली तीच 1933 मध्ये. त्यानंतर ऑगस्ट 1939 ला स्टालिनने हिटलरशीच करार केला आणि 17 सप्टेंबरला पूर्वेकडून पोलंडमध्ये फौज घातली. हे तिघं एकत्र आले ते 22 जून 1941 ला हिटलरने रशियावर हल्ला केला म्हणून, आणि त्या रात्री ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल रेडिओवर बोलला तेव्हासुद्धा त्याने आधी हे सांगितलं की कम्युनिझमला माझ्याइतका सतत विरोध कोणी केला नाही आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही, आणि मग मदत जाहीर केली. मदत मात्र खरी आणि प्रचंड होती, अमेरिकेकडून 4 लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप गेल्या, रेड आर्मी, म्हणजे रशियाचं सैन्य, बर्लिनपर्यंत पोचली त्यात त्या गाड्यांचा मोठा हात आहे. पण रशियाला हवी होती पश्चिमेकडून दुसरी आघाडी, ती 1942 मध्येच उघडू अशी आशा दाखवून प्रत्यक्षात उघडली 6 जून 1944 ला, आणि तोपर्यंत जर्मन सैन्याचा मुख्य भार एकट्या रशियाने सोसला. सोव्हिएत युनियनची युद्धात साधारण 2 कोटी 70 लाख माणसं गेली, अमेरिकेची 4 लाखांच्या आसपास. आम्ही मरावं म्हणून हे थांबलेत, असा संशय स्टालिनच्या मनात बसला. संशय बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण तो युद्ध चालू असतानाचा आहे, ट्रुमन तेव्हा साधा सिनेटर होता.

आता याल्टा, इथे फॉरवर्डवाल्यांनी सगळ्यात मोठा घोळ घातलाय. परिषद झाली 4 ते 11 फेब्रुवारी 1945. तिथल्या कागदात जग वाटल्याचं काही नाही, उलट मुक्त झालेल्या देशांत लोकांच्या मर्जीने सरकारं येतील आणि पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका होतील असं तिघांच्या सह्यांनिशी लिहिलंय. हां, पोलंडची पूर्व सीमा कर्झन रेषेवर सरकवायची, म्हणजे 1939 ला स्टालिनने घेतलेला बराच मुलूख त्याच्याकडेच ठेवायचा, हे तिथे कबूल झालं, आणि पोलिश लोकांना कोणी विचारलं नाही. वाटणीचा कागद शोधायचाच असेल तर तो ऑक्टोबर 1944 चा मॉस्कोतला, चर्चिलने स्टालिनसमोर सरकवलेला. रोमानिया 90 टक्के रशियाचा, ग्रीस 90 टक्के ब्रिटनचा, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मं निम्मं. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली. रूझवेल्ट त्या खोलीतही नव्हता.

आणि खरं सांगायचं तर कागदांनी ठरलं ते थोडंच, जास्त ठरलं कोणाचे बूट कुठे पोचले यावर. याल्टाच्या वेळी रेड आर्मी ओडर नदीवर होती, बर्लिनपासून सत्तरेक किलोमीटरवर, आणि जवळपास अख्खा पोलंड तिच्या मागे होता. रूझवेल्टने पोलंड स्टालिनला देऊन टाकला असंही काही जण म्हणतात, पण जे हातात नव्हतंच ते देणार कसं?

तिसरं, रूझवेल्ट होता तोपर्यंत सगळं सुरळीत होतं म्हणे. एप्रिल 1943 मध्ये रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्या. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलंडच्या सरकारने रेड क्रॉसकडून तपास मागितला म्हणून स्टालिनने त्या सरकारशी संबंधच तोडून टाकले, आणि हे लोक सोव्हिएत गुप्त पोलिसांनीच मारले हे मॉस्कोने कबूल केलं ते 1990 मध्ये, कातिन आणि इतर ठिकाणचे मिळून जवळपास 22 हजार. ऑगस्ट 1944 ला वॉर्सा जर्मनांविरुद्ध उठलं, 63 दिवस लढलं, रेड आर्मी विस्तुला नदीपलीकडे आलेली असताना, आणि मदतीचा माल टाकायला येणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकन विमानांना रशियन तळांवर उतरायला सप्टेंबर निम्मा होईपर्यंत परवानगी नव्हती. मार्च 1945 मध्ये पोलिश भूमिगत चळवळीच्या 16 नेत्यांना बोलणीसाठी बोलावून अटक करून मॉस्कोला नेलं. यातल्या प्रत्येक वेळी रूझवेल्ट जिवंत होता! 4 एप्रिलला त्याने स्टालिनला जी तार केली ती चक्क संतापाची आहे, कारण स्टालिनने त्याच्यावर जर्मनांशी गुपचूप बोलणी केल्याचा आरोप केला होता. हे पण सांगायला हवं की अगदी शेवटी चर्चिलला लिहिताना रूझवेल्ट रशियाचा प्रश्न शक्य तितका कमी ताणूया असंच म्हणत होता, म्हणजे त्याची इच्छा जुळवून घ्यायचीच होती, पण दरी पडलेली होती.

बॉम्बचं थोडक्यात सांगतो. रशियापासून बॉम्ब लपवायचा हे रूझवेल्ट आणि चर्चिलने सप्टेंबर 1944 मध्ये हाइड पार्कला, रूझवेल्टच्या न्यूयॉर्क राज्यातल्या घरी, ठरवलं, ट्रुमनला तर सगळी माहिती मिळाली अध्यक्ष झाल्यावर, 25 एप्रिल 1945 ला. 24 जुलैला जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेत त्याने स्टालिनला मोघम सांगितलं तेव्हा स्टालिन शांत राहिला, कारण क्लाउस फुक्ससारख्या हेरांकडून त्याला आधीच कळलेलं होतं. रशियावर वचक बसेल हा विचार अमेरिकेत काही जणांच्या डोक्यात होता हे मी नाकारत नाही, पण जपानशी चाललेलं युद्ध लवकर संपवणं हा हेतूच नव्हता असं म्हणणं चुकीचं आहे.

मार्शल प्लॅन. जून 1947 ची ती ऑफर रशियालाही होती, सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह मोठं शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेला आणि 2 जुलैला उठून निघून गेला. अमेरिकेची मनापासून इच्छा होती का, तर नाही, अटी अशा होत्या की रशियाला आपले आर्थिक हिशोब उघडे करावे लागले असते, आणि ते नाही म्हणतील हा अंदाज वॉशिंग्टनला होताच. पण बाहेर ठेवलं हे साफ खोटं. खरं बाहेर ठेवलं गेलं चेकोस्लोव्हाकियाला: त्यांच्या सरकारने आमंत्रण स्वीकारलं होतं, मॉस्कोने बोलावून दम दिला आणि काही दिवसांत त्यांना नकार कळवावा लागला. फेब्रुवारी 1948 मध्ये तिथे कम्युनिस्टांनी सत्ताच घेतली. ट्रुमननेही चुका केल्या, मे 1945 मध्ये रशियाची मदत एकदम तोडून टाकणं ही त्यातली एक, जहाजं अर्ध्या वाटेतून परत बोलावली आणि मग घाईने हुकूम बदलावा लागला. त्याचा राग मॉस्कोत राहिला तो राहिलाच. पण एकट्या माणसाचं काम नव्हतं हे.

आता वळिवड्याचं. मी कोल्हापूरचा म्हणून मला हे जास्त लागतं. 1940-41 मध्ये स्टालिनने पूर्व पोलंडमधून लाखो लोक, बायकापोरांसकट, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेले. रशिया दोस्तांच्या बाजूला आल्यावर त्यातले काही सुटले, इराणमार्गे बाहेर पडले, आणि 1943 पासून त्यातले जवळपास 5 हजार लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पमध्ये राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होतं. 5 जुलै 1945 ला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि यातल्या बहुतेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेलेली. 1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला, बरेच जण ब्रिटनला गेले, काही आणखी लांब, गावाकडे परतणं बहुतेकांच्या नशिबी नव्हतं. त्यांच्या त्याच बराकींत मग फाळणीत घरदार गेलेले सिंधी लोक येऊन राहिले, आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर तेच. भाचीला पुढच्या रविवारी तिथे घेऊन जाणार आहे, वही बरोबर घे म्हणालोय.