पर्ल ‘मेली’ म्हणून सर्व्हरवरून ती पुसायला निघालेल्यांसाठी

पर्ल ही प्रोग्राम लिहिण्याची एक जुनी भाषा. “पर्ल मेली, आता तिचे दिवस घाला” या मथळ्याचा सात कलमी मजकूर सध्या तांत्रिक गटांमधून फिरतो आहे. असले मजकूर मी वाचून सोडून देतो. परंतु हा मजकूर माझ्या भाचीच्या कार्यालयातील गटात पोचला, तेथे कोणीतरी तो प्रमाण मानला आणि सर्व्हरची साफसफाई करताना पर्लही काढून टाकण्याचे काम नोकरीत नव्यानेच लागलेल्या तिच्या अंगावर टाकण्यात आले. “मामा, काढून टाकले तर खरेच काही बिघडत नाही ना?” असे तिने विचारले. तिचा प्रश्न योग्यच होता; ज्याने हा प्रश्न विचारण्याची पाळी आणली, त्या मजकुराबद्दल मात्र मला फारसे सौजन्य दाखवता येणार नाही.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: पर्लचा आवृत्ती क्रमांक १९९४ पासून ५ वरच अडकला आहे, पर्ल ६ फसली, पर्ल ७ जाहीर करून गुंडाळण्यात आली, ॲपलने तिला हाकलले, तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी आता कोणी दुरुस्त करत नाही, तिच्यात लिहिलेले लिहिणाऱ्यालाही नंतर वाचता येत नाही, आणि सबब, ती सर्व सर्व्हरवरून काढून टाकावी, “काढण्यापूर्वी कोणती पॅकेजेस तिच्यावर अवलंबून आहेत ते तपासा, फारसे काही सापडणार नाही.” पहिली सहा कलमे वाचून माणसाचा फार तर गैरसमज होईल. सातव्यामुळे चालते यंत्र निकामी होते, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींमध्ये पर्लचा किमान भाग असलेले ‘पर्ल-बेस’ नावाचे पॅकेज (एकत्र बसवायचा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) असते आणि त्यावर ‘अत्यावश्यक’ अशी खूण असते. या खुणेचा अर्थ डेबियनच्या धोरण-पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला आहे: असे पॅकेज प्रणालीत कायम उपलब्ध आहे असे इतर सर्वांनी गृहीत धरावे, आणि विशिष्ट आवृत्तीच हवी असल्याखेरीज त्यावरील अवलंबित्वाची नोंद करू नये. म्हणजे मजकूर लिहिणारा आपल्याला ज्या यादीत शोध घ्यायला सांगतो, त्या यादीत पर्ल-बेसची नोंद पुष्कळदा नसते, कारण ती करायची नाही असा नियमच आहे. “फारसे काही सापडणार नाही” हे वाक्य अशा रीतीने खरे ठरते आणि नेमके त्यामुळेच घातक ठरते. नवे पॅकेज बसवताना प्रश्न विचारून उत्तरे साठवणारे डेबकॉन्फ पर्लमध्ये लिहिलेले आहे. नवा वापरकर्ता तयार करणारी ‘ॲडयूजर’ ही आज्ञाही पर्लमध्येच आहे. पर्ल-बेस उडवल्यानंतर यंत्र लगेच बंद पडत नाही, आणि खरी फसगत तेथेच आहे. ते चालू राहते, सगळे आलबेल वाटते, आणि पुढे सुरक्षेची एखादी तातडीची दुरुस्ती बसवायला जावे तर तिची प्रतिष्ठापनाच अर्ध्यावर कोसळते. त्या क्षणी पर्ल परत बसवावी म्हटले, तर बसवणारी यंत्रणाच जखमी झालेली असते.

हे करू नका असे यंत्र स्वतःही सांगते. पॅकेजेस बसवण्या-काढण्याचे साधन असलेल्या ‘ॲप्ट’च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अत्यावश्यक पॅकेज काढताना तुम्ही घातक काम करत आहात असा इशारा येत असे आणि संमतीदर्शक एक पूर्ण इंग्रजी वाक्य अक्षरशः टंकावे लागत असे, नव्या आवृत्त्यांत तर वेगळा पर्याय मुद्दाम दिल्याशिवाय हे काम होतच नाही. मजकुरात तो पर्याय वापरण्याची आज्ञाही दिलेली आहे. संरक्षणासाठी लावलेली कडी कशी काढायची हे शिकवणाऱ्याला ती कडी कशासाठी लावली आहे हे ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून त्याला पर्वा नसावी. दोहोंपैकी काय अधिक वाईट, ते ठरवणे अवघड आहे.

यात एक अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकतो. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ कंटेनर प्रतिमेत (तयार साच्यात) पर्ल नसते, आणि रेड हॅट या लिनक्सच्या कुळातील किमान प्रतिष्ठापनेतही ती असेलच असे नाही. तेव्हा पर्लशिवाय सर्व्हर चालूच शकत नाही असे कोणी म्हणत असेल, तर तेही चूक आहे. परंतु तिच्याशिवाय उभारलेली प्रणाली चालणे आणि तिला गृहीत धरून उभारलेल्या प्रणालीतून ती उपटून काढणे, या दोन गोष्टी एकच आहेत असे केवळ फॉरवर्ड लिहिणाराच समजू शकतो. शिवाय काम फक्त सर्व्हरपुरते नसते. ओपनएसएसएल हे सांकेतिकीकरणाचे सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बांधायचे तर पर्ल लागते. प्रोग्राम बांधण्याच्या कामी येणारे ऑटोमेक पर्लमध्ये लिहिलेले आहे. लिनक्सच्या गाभ्यात बदल सुचवणाऱ्याने तो पाठवण्यापूर्वी ज्या ‘चेकपॅच’मधून तपासून घ्यावा अशी अपेक्षा असते, तो पर्लचा प्रोग्राम आहे, तो बदल ईमेलने पाठवणारी कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची आज्ञाही पर्लमध्येच आहे.

आता आवृत्तीचा मुद्दा. याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण पर्लच्या स्वतःच्या दस्तऐवजांत ‘पर्लहिस्ट’ नावाचे एक पान असते आणि १९८७ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची प्रत्येक आवृत्ती, तिची तारीख आणि ती प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव त्यात ओळीने दिलेले असते. ते उघडले की १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये पर्ल ५ आल्याचे दिसते, आणि २०१० मधील ५.१२ पासून दरवर्षी एक नवी स्थिर आवृत्ती आल्याचेही दिसते: २०२२ मध्ये ५.३६, २०२३ मध्ये ५.३८, २०२४ मध्ये ५.४०, २०२५ मध्ये ५.४२. मधले विषम आकडे विकासाच्या आवृत्त्यांसाठी राखलेले आहेत, आणि टिंबानंतरचा आकडा दशांश नसून स्वतंत्र क्रमांक आहे, तेव्हा “५.८ नंतर ५.४२ म्हणजे भाषा मागे गेली” हा त्याच मजकुराखाली कोणीतरी काढलेला निष्कर्ष हसण्यावारीच न्यावा. पायथनचा पहिला आकडा २००८ च्या डिसेंबरपासून ३ आहे. त्यावरून पायथन थिजली असा निष्कर्ष अद्याप कोणी काढलेला नाही.

मात्र त्याच पानावर या अफवेचा उगमही सापडतो, आणि तो मान्य केलाच पाहिजे. ५.८ ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ५.१० आली थेट डिसेंबर २००७ मध्ये. वेबसाठी प्रोग्राम लिहिणारी एक अख्खी पिढी त्या साडेपाच वर्षांत पीएचपी, पायथन आणि रुबीकडे गेली आणि बहुतांशी परत आली नाही. पर्लची लोकप्रियता घटली, नव्या प्रकल्पांसाठी तिची निवड क्वचित होते, नवशिक्याला केवळ नोकरीसाठी पर्ल शिक असे मीही सांगणार नाही. मजकूर लिहिणाऱ्याने एवढेच म्हटले असते तर मी गप्प बसलो असतो. (भाषांच्या लोकप्रियतेच्या टियोबी या ज्या क्रमवारीचा आलेख त्याने जोडला आहे, तिच्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पर्ल एकाएकी पहिल्या दहांत जाऊन बसली होती. त्यावरून पर्लच्या चाहत्यांनी आनंद साजरा केला, तोही तितकाच पोकळ होता. शोधयंत्रांतील निकाल मोजून भाषेची प्रकृती कळत नाही.)

आवृत्त्या येतात पण त्यांत काही नसते, असेही म्हणता येत नाही. ५.३६ पासून प्रोग्रामच्या माथ्यावर आवृत्तीची एक ओळ लिहिली की कडक तपासणीबरोबर इशारेही आपोआप सुरू होतात आणि फंक्शनला दिलेली मूल्ये नावानिशी घेता येतात. ती पूर्वीप्रमाणे ‘@_’ या यादीतून एकेक उपसत बसावे लागत नाही. ५.३८ मध्ये कर्टिस पो यांनी आखलेली आणि पॉल इव्हान्स यांनी गाभ्यात उतरवलेली वर्गरचना (क्लास) प्रायोगिक रूपात आली. ५.४० मध्ये त्रुटी झेलण्याची ‘ट्राय-कॅच’ रचना पक्की झाली.

मला स्वतःला ५.४२ मधील एक न झालेला बदल अधिक बोलका वाटतो. ‘स्मार्टमॅच’ नावाची एक क्रिया ५.१० मध्ये आली होती. तिचे नियम इतके गुंतागुंतीचे होते की ५.१८ मध्ये तिच्यावर प्रायोगिक असा शिक्का बसला आणि ५.३८ मध्ये ती ५.४२ पासून काढून टाकण्यात येईल असे जाहीर झाले. विकासाच्या टप्प्यात ती काढलीही गेली. मग प्रदीर्घ चर्चा झाली, जुन्या प्रोग्रामांचे काय हा प्रश्न पुढे आला, आणि ती परत आणण्यात आली. आता ती पूर्ववत चालते. जो प्रोग्राम माथ्यावर ५.४२ ची मागणी करील, त्याच्यासाठी मात्र ती बंद असते. मेलेल्या भाषेत एका क्रियेवरून एवढा वाद घालायला माणसे उरत नाहीत.

पर्ल ६ आणि ७ यांचे थोडक्यात. पर्ल ६ ची घोषणा २००० मध्ये झाली आणि पहिली आवृत्ती यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. हा विलंब लाजिरवाणा होता आणि त्याने पर्ल ५ चे नुकसान केले, हे खरे. परंतु ती वेगळी भाषा होती, २०१९ मध्ये तिचे नाव राकू झाले आणि ती त्या नावाने आपली वाट चालते आहे. पर्ल ७ ची घोषणा जून २०२० मध्ये झाली. नवे पर्याय मुळातच चालू ठेवायचे, अशी ती योजना होती. त्याने जुने प्रोग्राम मोडतील म्हणून पर्ल वापरणाऱ्यांत तीव्र मतभेद झाले, कारभारासाठी सुकाणू समिती नेमली गेली, आणि २०२२ मध्ये तिने तूर्त ७ हा आकडा वापरणार नसल्याचे कळवले. घोषणा घाईची होती. ती मागे घेणे शहाणपणाचे होते.

सुरक्षेबाबतचे विधान सरळसरळ खोटे आहे. पर्लच्या धोरणानुसार शेवटच्या दोन स्थिर मालिकांमधील गंभीर दोष दुरुस्त केले जातात आणि तीन वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेल्या मालिकांना सुरक्षेच्या अत्यावश्यक दुरुस्त्या मिळतात. सीपॅन या पर्लच्या सामायिक भांडारातील मॉड्यूलांसाठी (तयार प्रोग्राम-भागांसाठी) वेगळा सुरक्षा गट आहे, आणि २०२५ पासून त्रुटींना ‘सीव्हीई’ हे अधिकृत ओळख-क्रमांक देण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे. यातही एक गोष्ट मान्य करतो: सीपॅनवर दोन लाखांहून अधिक मॉड्यूले आहेत आणि त्यांतील कित्येकांचे लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागले आहेत. आपण वापरत असलेल्या मॉड्यूलला वाली आहे की नाही हे तपासणे आपलेच काम आहे. पण ते प्रत्येक भाषेच्या भांडाराबाबत करावे लागते.

ॲपलने २०१९ मध्ये, मॅकओएस प्रणालीच्या कॅटालिना या आवृत्तीच्या वेळी, पुढील आवृत्त्यांत स्क्रिप्टिंग भाषा प्रणालीसोबत आपोआप दिल्या जाणार नाहीत असे कळवले होते. त्या यादीत पर्लसोबत पायथन आणि रुबीचीही नावे होती, आणि ती दोन नावे मजकुरातून सोयीस्करपणे गळाली आहेत. वाचनीयतेबद्दल एवढेच म्हणतो की पर्लमध्ये गचाळ लिहिणे सोपे आहे, आणि गचाळ लिहिणाऱ्यांनी ती सोय भरपूर वापरली.

भाचीला जे कळवले ते येथेही लिहितो, कारण तिच्यासारखे आणखी कोणी हा मजकूर हातात घेऊन बसले असेल. प्रणालीसोबत आलेल्या पर्लला हात लावू नये. डेबियनच्या स्थिर आवृत्तीसोबत येणारी पर्ल जुनी वाटली, तरी तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या डेबियनचा सुरक्षा गट त्याच आवृत्तीत मागाहून आणून बसवतो. कार्यालयाच्या स्वतःच्या प्रोग्रामांना नवी आवृत्ती हवी असेल तर ती पर्लब्रू किंवा पीएलएनव्ही या साधनाने वेगळ्या जागी बसवावी, त्या प्रोग्रामांच्या पहिल्या ओळीत नेमका कोणत्या पर्लचा मार्ग दिला आहे ते पाहावे आणि नव्या आवृत्तीवर त्यांच्या चाचण्या चालवाव्यात. आणि वरिष्ठांनी तरीही पर्ल काढण्याचा आग्रह धरला, तर तो आदेश लेखी मागून घ्यावा आणि आधी चाचणीच्या यंत्रावर त्यांच्या समोरच अमलात आणावा.