आणखी एक शिटी होऊ द्या!

रविवारच्या कोंबडीचा जीव दोनदा जातो, असं माझं ठाम मत आहे. एकदा दुकानात आणि एकदा कुकरमध्ये. दुकानात निदान लवकर सुटका होते.

कुकरला मी दोष देत नाही. पूर्ण दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं आणि वर्षभर उकिरडे उकरलेल्या गावरान कोंबडीला तेच हवं. तिच्या मांसातलं कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन, वयाबरोबर चिवट झालेलं असतं. ओल्या उष्णतेत ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, मग रस्सा ओठांना चिकटतो. पण आपण आणतो ब्रॉयलर. वय जेमतेम सहा आठवडे! त्यात विरघळवायला असं असतं किती? तरी घराघरात एक जाणकार असतोच. “कच्चं राहायला नको, आणखी एक शिटी होऊ द्या.” झालं! मांस हाडांना रामराम ठोकतं, बरगड्यांचे काटे रश्श्यात पोहतात आणि छातीचा तुकडा दाताखाली सुतळीसारखा लागतो.

छातीचं मांस साधारण ६५ अंशांपुढे आकसतं आणि स्वतःचंच पाणी पिळून टाकतं. मधोमध ७४ अंश झाले की ते खायला सुरक्षित. त्यापुढे नुसता छळ. तंगडी मात्र ८० च्या पुढे खुलते. म्हणून मिक्स पीस आणले की कच्चे असतानाच वेगळे करावेत. वाटण परतून आधी तंगड्या टाकाव्यात, दहा मिनिटांनी छातीचे तुकडे. कुकर माळ्यावर. पातेल्यावर ताट, ताटात पाणी, आच मंद. वाफ ताटाला लागून थेंबाथेंबाने परत खाली पडते, त्यामुळे मसाला करपत नाही. रश्श्याला ताटातलंच गरम पाणी घालावं. एकूण पंचवीस-तीस मिनिटं पुरे.

सुक्क्याची तऱ्हा निराळी. नळाखालून काढलेलं किलोभर चिकन तसंच ओलं कढईत लोटलं की पाणी सुटतं. पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही आणि खमंग तांबूस रंगाला लागतात साधारण १४०. मग तुकडे परतले न जाता उकडतात आणि ‘मसाला बरोबर नव्हता’ म्हणून मसालेवाल्याचा उद्धार होतो. किलोला दोन सपाट छोटे चमचे मीठ अर्धा तास आधी चोळावं, तुकडे फडक्याने टिपावेत आणि पाव-पाव किलोने परतावेत. कच्ची पपई ब्रॉयलरला लावूच नये. रात्रभर ठेवली तर सकाळी वरचा थर लगदा होऊन हाती येतो.

राहता राहिला हाडाजवळचा लाल रंग, ज्यावरून भर पंगतीत पंचनामा होतो. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजतानाच बाहेर झिरपतो, त्यामुळे पूर्ण शिजलेलं मांसही तिथे लालसर दिसतं. खात्री हवी तर स्वयंपाकाचा थर्मामीटर जाड भागात टोचावा, हाडाला टेकवू नये, नाहीतर आकडा चुकतो. फक्त तो तापाचा नाही, हे घरात आधी सांगून ठेवावं.